डोंगररांगेचे अखंड चित्र

बीड जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग पाडले आहेत. उत्तरेला गोदावरीच्या काठाने पसरलेला सखल, काळ्या मातीचा प्रदेश आहे. त्याला लोक गंगथडी म्हणतात. दक्षिणेला बालाघाटाच्या डोंगरांनी उचलून धरलेला उंच, खडकाळ मुलूख आहे. या दोहोंच्या सीमेवर बालाघाटाची कड एखाद्या लांबच लांब तटबंदीप्रमाणे उभी आहे. बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता मांजरसुंब्याच्या घाटाने ही कड चढतो. याच डोंगरांत कपिलधारेचा धबधबा कोसळतो व तेथेच संत मन्मथस्वामींची समाधी आहे. याच डोंगरांत पाटोदे तालुक्यात मांजरा नदी उगम पावते आणि सौताड्याजवळ विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. बिंदुसरा व सिंदफणा याही येथल्याच लेकी. मांजरा पूर्वेकडे दूरवर प्रवास करीत जाते. सिंदफणा मात्र उत्तरेची वाट धरून मंजरथजवळ गोदावरीला मिळते.

अशा डोंगराच्या कडेवर उभे राहिले म्हणजे माणसाची दृष्टी एका जागी ठरत नाही. डावीकडून उजवीकडे सपाट माथ्यांची रांग, तिच्या पायथ्याची शेते, मधून जाणारी पांढरी वाट, सीताफळीच्या झुडपांनी भरलेले उतार आणि अगदी दूर निळसर होत गेलेले क्षितिज, हे सारे मान फिरवीत तो पाहत राहतो. दोन्ही डोळे मिळून मनुष्यास समोरचा जवळजवळ अर्धवर्तुळाएवढा प्रदेश एकाच वेळी दिसतो, आणि मान वळविली म्हणजे उरलेलाही त्यात सहज जोडला जातो. मनात एकच अखंड देखावा तयार होतो. या देखाव्याचे तुकडे डोळ्यांनी केव्हा गोळा केले आणि मनाने ते केव्हा जोडले, याचा पत्ताही लागत नाही.

कॅमेऱ्याचे तसे नाही. नेहमीच्या भिंगातून त्याला समोरचा थोडासाच भाग दिसतो. भव्य डोंगर पाहून आलेला मनुष्य घरी येऊन छायाचित्र पाहतो, तेव्हा पुष्कळदा त्याची निराशा होते. जो डोंगर छातीत धडकी भरवीत होता, तो चित्रात बोटभर दिसतो. अधिक रुंद भिंग वापरावे, तर प्रदेश अधिक मावतो, पण त्यातील प्रत्येक वस्तू लहान होते. झाड ठिपक्याएवढे व घर काडेपेटीएवढे दिसू लागते. मग विस्तारही मिळावा आणि बारकावेही हरवू नयेत, यासाठी उपाय काय? उपाय साधा आहे, पण तो पार पाडण्यास मोठी चिकाटी लागते. एकाच जागी उभे राहून, कॅमेरा थोडा थोडा फिरवीत, शेजारशेजारची अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि ती एकमेकांस जोडून एकच मोठे चित्र तयार करावयाचे. अशा चित्रास पॅनोरामा असे म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्दांवरून बनविलेला असून त्याचा अर्थ ‘सर्व काही दिसणे’ असा आहे.

पॅनोरामा छायाचित्रणाहूनही जुना आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराचा देखावा एका टेकडीवरून चहूबाजूंनी रंगविला, आणि अशा चित्राच्या कल्पनेचे पेटंट १७८७ मध्ये मिळविले. गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर चित्र लावावयाचे व प्रेक्षकाने मध्यभागी उभे राहून सभोवार पाहावयाचे, अशी त्याची योजना होती. पुढे लंडनमध्ये अशा चित्रांचे वेडच लागले. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाला, आणि त्यानंतर एका वर्षाच्या आतच, १८०० मध्ये, रॉबर्ट कर पोर्टर या तरुण चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या लढाईचे शंभर फुटांहून लांब चित्र लंडनकरांपुढे मांडले. परंतु हे चित्रकार कल्पनेचाही आधार घेत असत. जे जेथे आहे ते तेथेच दाखविण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते.

१८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि काही वर्षांतच लोक छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून लांब देखावे तयार करू लागले. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या नदीकाठाचा देखावा १८४८ मध्ये आठ पत्र्यांवर टिपला गेला. त्याच देशात एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराचा पॅनोरामा तेरा काचांवर घेतला. त्याची लांबी सुमारे १७ फूट भरते. आपल्या देशातही ही कला लवकरच रुजली. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्या कार्यात सहभागी झाले. बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे राजा दीनदयाळ हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून नावाजले होते.

डोंगरांची छायाचित्रे घेणे त्या काळी किती कष्टाचे होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६६ मध्ये हिमालयातील मनिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फूट उंचीवर गेला. त्या वेळी काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ती वाळण्यापूर्वीच चित्र पक्के करावे लागे. त्यासाठी काळोखा तंबू, काचा, बाटल्या, पाणी हे सारे ओझे बरोबर न्यावे लागे. बोर्नचे नाव इतिहासात राहिले; पण त्या काचा पाठीवर वाहून नेणाऱ्या पहाडी हमालांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे काचा कोरड्या वापरता येऊ लागल्या. व्हिट्टोरिओ सेल्ला या इटालियन छायाचित्रकाराने १८९९ मध्ये कांचनगंगेच्या भोवती व १९०९ मध्ये के-टू शिखराच्या परिसरात मोठमोठ्या काचांवर चित्रे घेतली आणि ती जोडून हिमशिखरांचे पॅनोरामा तयार केले. आजही गिर्यारोहक त्या चित्रांकडे आदराने पाहतात, कारण त्यांत सौंदर्य तर आहेच, पण कडा, घळ, हिमनदी यांची जागा बिनचूक आहे.

आता काचा गेल्या, फिल्मही मागे पडली आणि संगणकाच्या साहाय्याने चित्रे जोडता येऊ लागली. खिशात मावणाऱ्या मोबाइल फोननेही पॅनोरामा काढता येतो. तरीही डोंगररांगेचे मोठे, स्वच्छ आणि विश्वासार्ह चित्र हवे असेल, तर जुन्या छायाचित्रकारांची शिस्त आजही पाळावी लागते. ती शिस्त कोणती, हे बालाघाटाच्या उदाहरणावरून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे ऋतू व वेळ यांची निवड. चैत्र-वैशाखात बालाघाटाच्या कडेवरून पाहिले, तर हवेत धूळ दाटलेली असते आणि तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरत असते. दूरचे डोंगर धुरकट दिसतात. हस्ताचा पाऊस पडून गेला म्हणजे हवा धुऊन निघते. अशा वेळी दूरवरचे माथे रेखीव दिसतात. कडेवरून उत्तरेकडे पाहणाऱ्यास आणखी एक सोय आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून तो छायाचित्रकाराच्या पाठीशी राहतो व समोरच्या प्रदेशावर प्रकाश पडतो. मात्र अगदी भर दुपार टाळणे इष्ट, कारण तेव्हा सावल्या आखूड होतात आणि घळी व उतार सपाट भासू लागतात. सकाळी किंवा उतरत्या उन्हात डोंगराची प्रत्येक घडी स्पष्ट होते.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेऱ्याची बैठक. तो तीन पायांच्या भक्कम तिपाईवर बसवावयाचा आणि ती तिपाई पूर्ण समतल करावयाची. गवंडी जशी भिंतीसाठी पाणसळ वापरतो, तशीच लहानशी पाणसळ छायाचित्रकारही वापरतो. हिमालयाच्या उंचसखल शिखरांत थोडा कल राहिला तर तो चटकन लक्षात येत नाही. परंतु बालाघाट हा लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेल्या काळ्या पाषाणाचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांमुळे त्याचे माथे टेबलासारखे सपाट आणि कड्यांवरील रेषा आडव्या आहेत. येथे तिपाई किंचित जरी कलली, तरी साऱ्या डोंगररांगा उतरणीला लागल्यासारख्या दिसतात, किंवा क्षितिज धनुष्यासारखे वाकते. सपाट डोंगर छायाचित्रकाराची चूक लपवू देत नाही.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. ती समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहावा. एक बोट डोळ्यांसमोर धरावे व दूरच्या झाडाकडे पाहत आधी डावा, मग उजवा डोळा मिटावा. बोट झाडापुढून सरकल्यासारखे वाटते. बोट हलले नाही, झाडही हलले नाही. फक्त पाहण्याची जागा बदलली. कॅमेरा फिरविताना भिंगाची जागा अशीच सरकली, तर एका चित्रात जवळचा दगड दूरच्या घराच्या डावीकडे आणि पुढच्या चित्रात उजवीकडे दिसेल. मग ती दोन चित्रे जुळणार कशी? परंतु भिंगाच्या आत एक स्थान असे असते की, त्याच्याभोवती कॅमेरा फिरविला असता जवळच्या व दूरच्या वस्तूंची एकमेकींच्या संदर्भातील जागा बदलत नाही. ते शोधण्यासाठी एक काठी जवळ व दुसरी दूर, अशा एका रेषेत रोवतात. कॅमेरा डावीउजवीकडे फिरविताना दोन्ही काठ्या एकामागे एकच दिसत राहिल्या, तर योग्य स्थान सापडले असे समजावे. समोर केवळ दूरचे डोंगर असतील, तर हा दोष फारसा जाणवत नाही. पण पुढ्यात सीताफळीचे झुडूप किंवा कड्याचा दगड असेल, तर तो टाळलाच पाहिजे.

चौथी गोष्ट म्हणजे सर्व चित्रांत एकसारखेपणा राखणे. कॅमेरा आपण होऊन प्रत्येक चित्रासाठी प्रकाश कमीजास्त करतो. उगवतीकडचे आकाश उजळ व मावळतीकडचे गडद निळे असते. कॅमेऱ्याला मोकळे सोडले, तर तो एका चित्रात आकाश उजळवील व दुसऱ्यात अंधारवील, आणि जोडलेल्या चित्रात उभे पट्टे दिसतील. म्हणून प्रकाशाचे प्रमाण, रंगांची बैठक आणि भिंगाचा रोख हे तिन्ही एकदा ठरवून पक्के करावयाचे व अखेरपर्यंत बदलावयाचे नाहीत. हात मात्र चपळ हवा. ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत असतात. पहिल्या चित्रात ऊन आणि तिसऱ्यात सावली, असे झाले तर जोडकाम बिघडते.

आता किती चित्रे घ्यावयाची, याचा हिशेब पाहू. दोन शेजारच्या चित्रांत काही भाग सामाईक असावा लागतो; साधारणतः एक तृतीयांश भाग सामाईक ठेवतात. कॅमेरा उभा धरला असता एका चित्रात ३६ अंशांचा प्रदेश मावतो असे समजा. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२ अंश, सामाईक गेला. प्रत्येक नव्या चित्राने २४ अंशांची भर पडली. कडेवरून दिसणारा १८० अंशांचा देखावा घ्यावयाचा असेल, तर पहिल्या चित्राचे ३६ अंश वजा जाता १४४ उरतात. १४४ ला २४ ने भागले म्हणजे ६. अर्थात एकूण ७ चित्रे लागतील. पूर्ण वर्तुळासाठी, म्हणजे ३६० अंशांसाठी, १५ लागतील. प्रत्येक चित्र ४,००० ठिपके रुंद व ६,००० ठिपके उंच असेल, तर सात चित्रांचे जोडलेले चित्र सुमारे २०,००० ठिपके रुंद होते. एका इंचात ३०० ठिपके या मानाने ते छापले, तर साडेपाच फूट लांबीचे चित्र भिंतीवर लागते, आणि जवळ जाऊन पाहिले तरी त्यातील झाडे अस्पष्ट होत नाहीत.

चित्रे घेऊन झाली, की जोडकामास आरंभ होतो. घरातील वृद्ध स्त्री गोधडी शिवते, तेव्हा ती चिंध्यांचे काठ एकमेकांवर थोडे चढवते, ताणून पाहते आणि मगच टाका घालते. येथेही तसेच आहे. फरक इतकाच की, येथे कापडाचा नक्षीकामाचा धागा न् धागा जुळला पाहिजे. पूर्वी छापील चित्रे कात्रीने कापून पुठ्ठ्यावर डकवीत. आज हे काम संगणक करतो. तो दोन चित्रांच्या सामाईक भागात ठळक खुणा शोधतो: खडकाचा कोपरा, झाडाचा शेंडा, घराच्या छपराची कड. एका चित्रातील खूण दुसऱ्यात कोठे आहे हे तो ताडून पाहतो, आणि अशा शेकडो जोड्यांवरून प्रत्येक चित्र घेताना कॅमेरा किती अंश फिरला होता याचे गणित मांडतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मॅथ्यू ब्राउन व डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये अशी पद्धत मांडली की, विस्कळीत चित्रांचा गठ्ठा दिला तरी कोणते चित्र कोणाच्या शेजारी बसते, हे संगणक स्वतःच ओळखू लागला.

यानंतरचा प्रश्न भूमितीचा आहे. सभोवारचा देखावा गोल असतो आणि कागद सपाट असतो. मोसंबीची साल सोलून टेबलावर दाबली, तर ती फाटते. तद्वत गोल देखावा सपाट करताना कोठे तरी ताण पडणारच. म्हणून देखावा आधी एका काल्पनिक गोल डब्याच्या आतल्या बाजूवर चिकटवितात आणि मग तो डबा उभा कापून उलगडतात. यामुळे क्षितिज सरळ राहते, झाडे उभीच राहतात; मात्र पुढ्यातून आडवा जाणारा सरळ रस्ता कमानीसारखा वाकलेला दिसतो. पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तो रस्ता वाकडा नाही. गोल जग सपाट कागदावर आणण्याची ती किंमत आहे.

संगणक वेगवान असला, तरी तो शहाणा नसतो. बालाघाटाच्या माथ्यावर आता ठिकठिकाणी पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या सर्व एकसारख्या दिसतात. अशा वेळी संगणक एका पवनचक्कीची खूण दुसरीशीच जुळवितो, दोहोंची एकच करतो आणि मधली जमीन चित्रातून नाहीशी होते. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत पाती फिरलेली असतात, म्हणून एकाच चक्कीला सहा पाती दिसू लागतात. वाटेने बैलगाडी चालली असेल, तर ती पुढच्या चित्रातही येते व एका गाडीच्या दोन होतात. तेव्हा प्रत्येक जोड डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो. मूळ चित्रे समोर ठेवून, माथ्यामागून माथा मोजीत, झाडामागून झाड पडताळीत जावे लागते.

येथेच छायाचित्रकाराच्या सचोटीची परीक्षा असते. दोनदा आलेली बैलगाडी एकदाच ठेवणे यात खोटेपणा नाही, कारण वाटेवर गाडी एकच होती. परंतु डोंगराच्या कुशीत पडलेली दगडाची खाण शोभा बिघडविते, म्हणून ती पुसून तेथे शेजारचे गवत चिकटविणे. धबधबा आटला असताना मागील वर्षीचा धबधबा आणून बसविणे. किंवा फिकट आकाश काढून त्या जागी काळे मेघ भरणे, हे संगणकावर अगदी सोपे असले, तरी ते खोटे आहे. जोड जितका बेमालूम, तितकी ही जबाबदारी मोठी. ओबडधोबड खोटे लगेच पकडले जाते. सफाईने केलेले खोटे पिढ्यान् पिढ्या खरे म्हणून पाहिले जाते.

हा सोवळेपणा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हिमालयाने दिले आहे. १९२१ मध्ये एव्हरेस्टकडे पहिली शोधमोहीम गेली. तीत भारतीय सर्वेक्षण विभागाचे ऑलिव्हर व्हीलर हे होते. उंच जागी कॅमेरा लावून त्यांनी चहूबाजूंची चित्रे घेतली आणि त्यांच्या मापांवरून नकाशा तयार केला. त्याच मोहिमेत जॉर्ज मॅलरी याने रोंगबुक हिमनदीचे चित्र घेतले होते. पुढे २००७ मध्ये डेव्हिड ब्रेशिअर्स या गिर्यारोहक छायाचित्रकाराने नेमकी तीच जागा शोधून तेथून तेच दृश्य पुन्हा टिपले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा हिमनदीचा बर्फ शंभर मीटरांच्या आसपास खाली गेलेला दिसला. त्याने पुढे शेकडो छायाचित्रे जोडून एव्हरेस्टच्या परिसराचे अब्जावधी ठिपक्यांचे पॅनोरामाही तयार केले. जुन्या चित्रकाराने शोभेसाठी थोडा बर्फ वाढविला असता, तर या तुलनेला काही अर्थ उरला असता काय? ज्यांनी खरे टिपले, त्यांना आपले चित्र पुढे पृथ्वीच्या बदलाची साक्ष देईल, हे ठाऊकही नव्हते.

केवळ आकाराचाच विचार केला, तर युरोपातील माँ ब्लाँ पर्वताचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला पॅनोरामा थक्क करून सोडतो. फिलिपो ब्लेंजिनी व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, गोठविणाऱ्या थंडीत ७०,००० छायाचित्रे घेतली आणि ती जोडून ३६५ अब्ज ठिपक्यांचे चित्र तयार केले. पण चित्राचे मोल केवळ ठिपक्यांवरून ठरत नाही. बालाघाटाच्या सात चित्रांचा साधा पट, दर वर्षी त्याच जागेवरून घेतला, तर तोही अनमोल ठरू शकतो.

बीड हा अवर्षणाचा जिल्हा आहे. १९७२ चा दुष्काळ येथील वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१५-१६ ची पाणीटंचाई तर अलीकडचीच. पाऊस थोडा, उतार उघडे, म्हणून पडलेले पाणी माती घेऊन वाहून जाते. ते अडविण्यासाठी डोंगरउतारांवर समतल चर खणतात, ओढ्यांना बांध घालतात, झाडे लावतात. या श्रमांचे फळ एका वर्षात दिसत नाही, आणि हळूहळू घडणारा बदल रोज पाहणाऱ्या डोळ्यांना उमगत नाही. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडून दूर जातात. ती परततात तेव्हा डोंगर पुन्हा उन्हाने करपलेला असतो. त्या डोंगरावर गेल्या दहा वर्षांत हिरवळ वाढली की घटली, कोणती घळ रुंदावली, कोणता बांध फुटला, कोणत्या माथ्यावर खाण पडली, हे सांगणार कोण? कडेवरच्या एखाद्या खडकावर खूण करावी. तिपाईची उंची, भिंग, महिना व वेळ वहीत टिपून ठेवावी. आणि प्रत्येक वर्षी हस्ताच्या पावसानंतर व पुन्हा वैशाखात त्याच खुणेवरून तोच पट घ्यावा. मग चित्रे शेजारी ठेवली, की डोंगर स्वतःच आपली हकिकत सांगू लागेल. यासाठी महागडा कॅमेराच हवा असे नाही. नियमितपणा हवा, नोंद हवी आणि प्रामाणिकपणा हवा.

एका चित्रात एक घळ दिसते, दुसऱ्यात एक माथा, तिसऱ्यात एक गाव. प्रत्येक चित्र खरे असते, पण अपुरे असते. शेजाऱ्याशी जुळेल एवढा सामाईक भाग ठेवून, आपली जागा न सोडता, एकेक तुकडा घेत गेले, म्हणजे घळीतून वाहणारे पाणी, माथ्यावरचे उघडे रान आणि पायथ्याचे तहानलेले गाव यांचा परस्परांशी असलेला संबंध एका दृष्टिक्षेपात कळतो. मुलूख जपावयाचा असेल, तर तो असा अखंड पाहता आला पाहिजे.

अभ्यास

१. कॅमेऱ्याला दिसणारा देखावा व मनुष्याला दिसणारा देखावा यांत कोणता फरक आहे?

२. बालाघाटाचे सपाट माथे छायाचित्रकाराची चूक लपवू देत नाहीत, असे का म्हटले आहे?

३. एका चित्रात ४५ अंशांचा प्रदेश मावतो व त्यातील तिसरा हिस्सा सामाईक ठेवावयाचा आहे. पूर्ण वर्तुळासाठी किती चित्रे लागतील?

४. जोडलेल्या चित्रात कोणता बदल करणे योग्य व कोणता अयोग्य? पाठातील उदाहरणे देऊन सांगा.

५. आपल्या गावाजवळील टेकडीवरून चहूबाजूंना काय काय दिसते, ते उत्तर दिशेपासून आरंभ करून क्रमाने लिहा. एक वर्षानंतर त्याच महिन्यात तेथेच जाऊन पुन्हा लिहा व दोन्ही वर्णने ताडून पाहा.